कोणतं गाव तुमचं?

बाहेर गोड आणि घरात तिखट, असं माझ्याबद्दल आमच्या घरात एकमत आहे. एरवी आमच्याकडे एकमत होत नाही. पंखा कितीवर ठेवायचा यावरसुद्धा तिघांची तीन मतं असतात. पण हे मत पक्कं. बरीच वर्षं ते तोंडीच होतं. गेल्या वर्षी मीच ते शाळेतून आणलेल्या छापील कागदावर नवऱ्याकडून लिहून घेतलं, खाली त्याची सही घेतली आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या अभिमानानं जमा करून आले. नोकरीत पुढं जायचं तर आधी स्वतःला ओळखा, असं आम्हाला सांगितलं होतं. मी ओळखलं. पुढं काय झालं ते सांगते.

मी परभणीत एका खाजगी इंग्रजी शाळेत मराठी शिकवते. इंग्रजी शाळेत मराठीच्या बाईंना जी किंमत असते ती पंगतीत मिठाला असते. वाढतात सगळ्यात आधी, पण जेवण चांगलं झालं म्हणताना त्याचं नाव कुणी घेत नाही. नवरा रेल्वेत, म्हणून घर पूर्णेला. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं यायचं. जाताना पिंगळीचं स्टेशन आलं की पर्समधून कंगवा काढून केस नीट करायचे, म्हणजे परभणीत उतरताना बाई बाईसारख्या दिसतात. शाळेला पत्र्याचं छप्पर होतं आणि पाऊस आला की माझा तास आपोआप बंद पडायचा, तेव्हापासून मी तिथं आहे.

मागच्या वर्षी आमचे जुने प्रिन्सिपल सर दिवाळीनंतर आजारपणाच्या लांब रजेवर गेले. मे महिन्यात ते निवृत्तच होणार होते. तोवर “तुमीच बघा, बाई,” असं संस्थेच्या अध्यक्षांनी मला तोंडी सांगितलं. आमच्या संस्थेत महत्त्वाच्या गोष्टी तोंडीच सांगतात. मी बघू लागले. सरांची खुर्ची उंच होती. तिच्यावर बसलं की माझे पाय जमिनीला टेकायचे नाहीत आणि समोरच्याला वाटायचं, बाई झोक्यावर बसल्यात. एकदा सगळे गेल्यावर मी खाली वाकून त्या खुर्चीची दांडी शोधली, ओढली, खुर्ची खाली केली. पाय टेकले. किती बरं वाटलं म्हणून सांगू! कुणी विचारलं असतं, “बाई, तुम्हाला नेमकं काय पाहिजे?” तर मी म्हटलं असतं, “काही नाही हो, चाललंय ते बरंय.” पण मला ती खुर्ची पाहिजे होती. तोंडी नाही, लेखी.

शाळेत माझ्याकडे आणखी एक खातं होतं, चिडलेल्या पालकांचं. कुणी फाटकापासूनच ओरडत आला की शिपाई त्याला माझ्यापुढं आणून बसवायचा. माझी एक ठरलेली रीत होती. आधी पाणी. पाणी पिताना माणसाला ओरडता येत नाही. मग विचारायचं, “कोणतं गाव तुमचं?” त्यानं गाव सांगितलं की त्या गावात आपलं कोण दिलंय, कुणाची सून तिथली, कुणाच्या नणंदेचं सासर शिवेला शिव लागून आहे, असं करत करत नातं काढायचं. एकदा नातं निघालं की माणूस मनातून कितीही तापलेला असो, त्याचा आवाज खाली येतोच. बहिणीच्या जावेच्या भावावर कसं ओरडणार? आपल्याकडे ते जमत नाही.

ही रीत मी आईकडून उचलली. माझं माहेर ताडकळसचं. बाजाराच्या दिवशी आई भाजी घ्यायला निघायची, आणि वांग्याला हात लावायच्या आधी वांगेवालीला गाव विचारायची. दोन वाक्यांत ती वांगेवाली आईची चुलत मावशी तरी निघायची, नाहीतर मामेसासूची भाची. मग आईला भाव करता यायचा नाही. ती सांगेल त्या भावानं घेऊन, वर “ये की गं घरी,” म्हणून यायची. वडील म्हणायचे, “तू बाजाराला कामून जातीस? सोयरे मोजायला?” नातं काढणाऱ्यालाच शेवटी महाग पडतं, हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं. पण मी तेव्हा पिशवी धरून उभी असायचे आणि माझं सगळं लक्ष रेवड्यांकडे असायचं.

तर संक्रांतीनंतरच्या एका रविवारी शाळेनं आमच्यासाठी कार्यशाळा ठेवली. रविवारी, म्हणून सगळा स्टाफ आधीच तोंडं पाडून आला होता. पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या. चांगल्या होत्या, खोटं कशाला बोलू. नीट समजावून सांगत होत्या. त्या म्हणाल्या, आपल्या कामात पुढं जायचं तर आपलं बळ कशात आहे हे आधी आपल्याला माहीत पाहिजे. नुसती हुशारी पुरत नाही, भावनिक बुद्धिमत्ता लागते. म्हणजे स्वतःच्या मनात काय चाललंय ते ओळखायचं, समोरच्याच्या मनात काय चाललंय तेही ओळखायचं आणि दोन्ही सांभाळून काम करायचं. मग त्यांनी प्रत्येकाला उभं करून आपलं एक बळ सांगायला लावलं, प्रसंगासकट.

आमच्या गणिताच्या सरांनी सगळ्यात आधी हात जोडले. “मॅडम, आमच्याकडं आपली तारीफ आपुन करत नसतेत.”

“तारीफ नाही सर, ओळख.”

“ओळख असंल तर हे बाकीचे सांगतील की. मी कसं सांगू?”

एकामागून एक सगळ्यांनी असंच केलं. कुणी म्हणालं, मी वेळेवर येतो. कुणी म्हणालं, माझं अक्षर बरं आहे म्हणतात. माझी पाळी आली तेव्हा मॅडमचा चेहरा इतका उतरला होता की मला त्यांचीच दया आली. त्यांना बरं वाटावं म्हणून मी केसांची गोष्ट सांगितली.

गोष्ट अशी. आमच्या खेळाच्या सरांनी एका पोराचे वाढलेले केस प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर कातरले होते. ते केस नवसाचे होते. दुसऱ्या दिवशी त्याचा बाप आला तो अंगावर धावूनच. पालमकडचं गाव. मी पाणी दिलं, गाव विचारलं, आणि माझ्या मावसबहिणीच्या नणंदेला त्याच्याच भावकीत दिलेली निघाली. बाप गप्प झाला. मग म्हणाला, “तुमी आमच्यातल्याच निघालाव, आता काय बोलावं!” आणि हात जोडून गेला.

सगळे हसले. अध्यक्ष पुढच्या रांगेत बसले होते. त्यांनी खुर्ची पूर्ण वळवून घेतली. “बाई, आन् नातं निघालंच न्हाई तर?”

“साहेब, परभणी जिल्ह्यात नातं निघत नाही असं होत नाही. थोडं लांबून यावं लागतं, एवढंच.”

अध्यक्षांनी टाळी दिल्यासारखा मांडीवर हात मारला. पुण्याच्या मॅडम तर खूशच झाल्या. म्हणाल्या, याला एम्पथी म्हणतात, हे तुमचं मुख्य बळ आहे, तुमच्यात नेतृत्व आहे. मी आजवर त्याला चोंबडेपणा समजत होते. इतक्या वर्षांच्या चोंबडेपणाला एवढं चांगलं नाव मिळाल्यावर कोण खूश होणार नाही? मी परतीच्या गाडीत उभ्यानंच आले आणि पाय दुखले नाहीत.

कार्यशाळेत एक जाडसर फॉर्म दिला होता, तो घरी भरून आणायचा होता. त्यात पहिले प्रश्न आपण आपल्याविषयी सोडवायचे, आणि शेवटचं पान घरच्यांनी भरायचं. रात्रीची जेवणं झाल्यावर मी ते पान नवऱ्यापुढं ठेवलं.

“खरं लिहू का चांगलं लिहू?” त्यानं विचारलं.

“जसं आहे तसं लिहा. प्रामाणिकपणालाच मार्क आहेत.”

“मग कागद पुरायचा न्हाई.”

आमची लेक तेव्हा कॉलेजातून सुट्टीला आली होती. ती म्हणाली, “बाबा, लिहा, आईची एम्पथी रोज परतीच्या गाडीत पिंगळीलाच उतरून जाते. पूर्णेला आई एकटीच येते.”

“वा!” नवरा म्हणाला आणि त्यानं ते तसंच्या तसं लिहिलं. पुढं स्वतःचं घातलं: ‘बाहेर गोड, घरात तिखट. परंतु कुणी आजारी पडल्यास फार करते.’ त्या ‘परंतु’वर मी विरघळले.

मला अडला तो माझाच एक प्रश्न. पुढच्या वर्षी तुम्ही स्वतःला कुठं पाहता? मी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी लिहिलं, ‘संस्था जी जबाबदारी देईल ती आनंदाने पार पाडीन.’

लेकीनं वाचलं. “आई, हे काय? प्रिन्सिपल व्हायचंय असं लिही ना सरळ.”

“असं लिहीत नसतात.”

“कामून?”

“हावरट दिसतं.”

“अगं, तेच तर विचारायलेत ते!”

“तुला कळत नाही,” मी म्हटलं. तिला कळत होतं. मला वाटलं होतं, मागितलं नाही की जास्त शोभून दिसतं आणि देणारा आपणहून देतो. लग्नाच्या बैठकीत मुलीकडचे जसं म्हणतात ना, आमची मुलगी काय, साधीच आहे, आणि मुलाकडच्यांनी त्यावर “न्हाई न्हाई, लाखात एक हाय,” असं म्हणायचं असतं, तसं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. संस्थेनं “न्हाई न्हाई” म्हणायचं होतं.

फॉर्म तपासून आले. भावनिक बुद्धिमत्तेत मी सगळ्या स्टाफमध्ये पहिली. मॅडमनी पुण्याहून शेरा पाठवला होता: ‘संयमी, समजूतदार, तणावातही नाती जपतात. मोठ्या जबाबदारीस योग्य.’ तो शेरा मी गाडीत इतक्या वेळा वाचला की शेजारच्या बाईनं विचारलं, “रिपोर्ट हाय का दवाखान्याचा? नॉर्मल हाय ना?” नवऱ्यानं तर घरात दरबारच भरवला. म्हणाला, आता प्रिन्सिपलचा नवरा म्हणून मला पोळी गरम मिळाली पाहिजे. मी म्हटलं, प्रिन्सिपल पोळ्या लाटत नसते. आम्ही खूप हसलो. उन्हाळा लागला होता, उन्हाचंही काही वाटत नव्हतं.

निकालाच्या दिवशी, पोरं घरी गेल्यावर, अध्यक्षांनी स्टाफ रूममध्ये पेढे आणले आणि सांगितलं की जूनपासून त्यांच्या सूनबाई प्रिन्सिपल म्हणून येतायत. पुण्याला शिकलेल्या आहेत, इंग्रजी फार चांगलं आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हात वाजवून झाल्यावर मला कळलं की आपण वाजवल्या. पेढा खाल्ला. त्याची चव मला आजही सांगता येणार नाही, आणि मी पेढ्याच्या बाबतीत अशी नाही.

गाडीत बसल्यावर राग आला. पिंगळी येईपर्यंत तो एवढा वाढला की लेकीचं वाक्य खोटं ठरलं. त्या दिवशी पिंगळीला काहीच उतरलं नाही. घरी मी नवऱ्याला सांगितलं, उद्या जाऊन तोंडावर विचारणार. एवढे महिने शाळा मी चालवली, मार्क मला जास्त, शेरा माझा, मग खुर्ची तिला का? तो म्हणाला, “जा. पण तिथं जाऊन ह्यांचं कसं, त्यांचं कसं, विचारत बसू नकोस. गेल्या गेल्या बोल.”

“मला शिकवू नका.”

“शिकवत न्हाई. ओळखून हाय म्हणून म्हणायलो.”

दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षांच्या घरी गेले. वाक्य तयार होतं. गाडीत, रिक्षात, त्यांच्या फाटकात, सगळीकडे मनातल्या मनात म्हणून पाहिलं होतं. अध्यक्ष बैठकीतच होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात ते आत बघून म्हणाले, “अगं, बाईंना पाणी आण. उन्हातनं आल्यात.”

पाणी आलं. गार होतं. मी प्यायले. पाणी पिताना माणसाला बोलता येत नाही.

“बाई, तुमचं माहेर ताडकळसचं ना?”

पेला माझ्या हातातच राहिला. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते शांत बसले होते, डोळ्यांत माया आणून. काय चाललंय ते मला स्वच्छ दिसत होतं. पत्त्यांतलं पान कुठलं टाकणार, वळण कुठं घेणार, सगळं ठाऊक होतं. आणि मी म्हणाले, “हो. बाजाराच्या बाजूला घर होतं आमचं.”

“बाजाराच्या बाजूला! मग आमची थोरली मावशी तिथंच दिलेली. पिठाच्या गिरणीमागं.”

“गिरणीमागच्या काकू? त्या आमच्या आईच्या शेजारणी.”

“शेजारीण काय म्हणताव! मी सुट्टीत तिथंच असायचो. तुझ्या आईच्या हातच्या दशम्या खाल्ल्यात मी. मग तू तर माझी बहीणच झालीस की!”

‘तुमचं’वरून ‘तुझ्या’वर ते कधी आले, मला कळलंसुद्धा नाही. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी ‘तू’ म्हटलं नव्हतं. आणि ते ऐकून मला बरं वाटलं, ही गोष्ट मला अजूनही पचत नाही.

तरी मी म्हटलं, “साहेब, मी त्या प्रिन्सिपलच्या जागेचं...”

“साहेब कुणाला म्हणतीस? दादा म्हण. हे बघ, तुझं मला सगळं माहीत हाय. तुझा फॉर्म मी स्वतः वाचला. सूनबाईंकडनंबी एक भरून घेतला होता, तोबी वाचला. त्यांनी काय लिहिलंय माहीत हाय का? चिडलेली माणसं समोर आली की मला घाबरल्यासारखं होतं. त्यांना आधार लागंल. तो तुझ्यासारखा कुणाचा मिळणार? तुला तर कुणाची गरजच न्हाई. एवढा चांगला रिपोर्ट हाय तुझा, तू समजून घेणार न्हाई तर कोण घेणार?”

“पण दादा...” मी म्हटलं. म्हणजे म्हटलंच मी, दादा.

“आन् तू तर कुठं लिहिलंसुद्धा न्हाई की प्रिन्सिपल व्हायचंय म्हणून. लिहिलं असतंस तर गोष्ट वेगळी होती. तू लिहिलंस, देतील ती जबाबदारी आनंदानं. मी आपला तुझ्या शब्दावर गेलो.”

सूनबाईंनी आपली कमतरता लिहिली, तर त्यांना मदतीला माणूस मिळालं. मी माझं बळ सांगितलं, तर ते माणूस मीच ठरले. हे मला तिथं नाही सुचलं. मी नुसती मान हलवत होते. तेवढ्यात त्यांच्या घरातून हळदी-कुंकवाची कोयरी आली. अध्यक्ष बायकोला म्हणाले, “ओटी भर तिची. माहेराहून रिकामी जाऊ देतेत व्हय?” वहिनींनी कुंकू लावलं, पदरात खण आणि नारळ घातला, तांदूळ घातले. मी खाली वाकून दोघांच्या पाया पडले. भांडायला आले होते आणि पाया पडून निघाले.

फाटकाबाहेर रिक्षाची वाट बघताना मला तो नवसाच्या केसांचा बाप आठवला. तोही असाच हात जोडून गेला होता. केस तर कापलेलेच होते.

घरी नवऱ्यानं पदराकडे पाहिलं. “हे काय?”

“ओटी भरली.”

“नारळ दिला?” तो म्हणाला. “अगं, आमच्यात नोकरीवरनं काढलं की नारळ दिला म्हणतेत. तुमच्यात ठेवलं तरी देतेत वाटतं.”

एरवी मी हसले असते. मी नारळ ओट्यावर आपटला आणि त्याला एवढं बोलले, एवढं बोलले, की उन्हाळ्याच्या सुट्टीला आलेली लेक आतल्या खोलीतून बाहेर आली आणि कोपऱ्यात उभी राहून ऐकत राहिली. जे सगळं परभणीत बोलायचं होतं ते शब्दन् शब्द मी पूर्णेत बोलले. माझं झाल्यावर तो म्हणाला, “हे असंच तिथं बोलायचं होतं.” मला ते ठाऊक होतं, आणि ते त्यानं म्हणायला नको होतं. मग ओटीचा नारळ म्हणून मीच तो उचलला आणि देवापुढं ठेवला.

जूनमध्ये शाळा उघडली. नव्या प्रिन्सिपल मॅडम आल्या. वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर मला सोपं गेलं असतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला आत बोलावलं. त्या उंच होत्या. गुडघे टेबलाला लागत होते. “मॅडम, ही खुर्ची खूप खाली आहे. वर कशी करतात, तुम्हाला माहितीय का?” मी खाली वाकले आणि दांडी दाखवली. त्या म्हणाल्या, “थँक यू, मॅडम. तुम्ही आहात म्हणून मला काळजी नाही.” आणि माझं टेबल त्यांच्या दाराबाहेर लावून घेतलं, पाण्याच्या माठाशेजारी. येणारा पालक आधी माझ्यापुढं थांबावा म्हणून.

असे काही आठवडे गेले. मी पाणी देत होते, गावं विचारत होते. नाती निघत होती. माणसं गप्प होऊन परत जात होती, आणि दाराआड मॅडम शांतपणे काम करत होत्या.

मग एक दिवस पिंगळीचा एक बाप आला. शाळेच्या गाडीनं त्याच्या पहिलीतल्या मुलीला घराजवळ न सोडता रेल्वे फाटकाशीच उतरवलं होतं. पोर एकटी रडत रडत रूळ ओलांडून घरी गेली होती. तो शाळेच्या फाटकातूनच ओरडत आला. आवाज सगळ्या वर्गांत गेला; पोरं खिडक्यांशी आली. आतून मॅडमनी दार किलकिलं करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा लावून घेतलं. ती नजर मला पाठ झाली होती.

माझा हात सवयीनं माठाकडे गेला. पेला भरला. तो पेला त्याच्यापुढं धरला तशी त्याची नजर माझ्यावर पडली, आणि त्याचा आवाज एकदम खाली आला.

“बाई, तुमी पूर्णेच्या गाडीनं येताव ना? मी रोज बघतो तुम्हाला. खिडकीत बसून केस इंचरत असताव.”

मी अजून काही विचारलंसुद्धा नव्हतं. ओळख त्यानंच काढली. मागं शिपाई आणि दोन बाया उभ्या होत्या; बाईंनी आणखी एक गार केला, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. बाप पेल्याकडे हात करत होता. आणखी एक घोट, आणखी एक प्रश्न, आणि त्या पोरीचा रूळ ओलांडायचा विषय आमच्या ओळखीखाली पुरला गेला असता.

मी पेला मागं घेतला. “भाऊ,” मी म्हटलं, “आवाज खाली करू नका. आत जा. त्या खुर्चीवर बसल्यात ना, त्यांच्याशी बोला. मोठ्यानं बोला.”

तो माझ्याकडे बघतच राहिला. शिपाईसुद्धा. मग तो दार ढकलून आत गेला, आणि खरंच मोठ्यानं बोलला. मॅडम तेवढ्यात सावरल्या असाव्यात. त्यांनाही माझ्याकडे बघून बघून रीत कळली होती. आतून त्यांचा आवाज आला, घाबरलेला, पण गोड: “बसा, बसा. तुमचं गाव कोणतं?”

“गावाचं काय करताव?” तो म्हणाला. “गावाचं मागून सांगतो. आधी गाडीचं बोला.”

एवढं साधं वाक्य. मी गार पाण्याचा पेला हातात घेऊन अध्यक्षांच्या बैठकीत बसले होते तेव्हा मला हे एवढंच म्हणायचं होतं. माहेराचं मागून सांगते, आधी जागेचं बोला. पहिलीतल्या पोरीच्या बापाला ते न शिकता येत होतं. मी भावनिक बुद्धिमत्तेत पहिली आले होते आणि मला आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून शाळेची गाडी त्या पोरीच्या घरापर्यंत जाऊ लागली. माझं टेबल दारापासून हलून परत स्टाफ रूममध्ये गेलं. यंदाच्या मूल्यमापनात मॅडमनी माझ्या नावापुढं लिहिलंय, ‘सहकार्याच्या भावनेत सुधारणेस वाव.’ संध्याकाळच्या गाडीत मी तो शेरा वाचत होते. त्या दिवशी आत गेलो नसतो तर पोर अजून रुळावरूनच येत असती, असं तो पिंगळीचा बाप शेजारी उभ्या माणसाला सांगत होता. मग त्यानं मला पाहिलं, ओळखीचं हसला आणि पिंगळीला उतरला. मी पुढं पूर्णेपर्यंत बसून राहिले, पाय जमिनीला टेकवून.